आयशे आणि एनआयआरएफचा डेटा भरताय? आधी शब्द पक्के करा, मग आकडे टाका

दरवर्षी पोर्टल उघडलं की बहुतेक कॉलेजांत तेच होतं. ऑफिस एक पटसंख्या देतं, परीक्षा विभाग दुसरी देतो, प्लेसमेंट सेलचा आकडा तिसरीकडेच असतो आणि ज्याच्या गळ्यात नोडल ऑफिसरचं काम पडलंय तो शेवटच्या दिवशी यातला बरा वाटेल तो आकडा टाकून मोकळा होतो. यात खोटं कुणीच बोलत नसतं. प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजत असतो, नाव मात्र सगळे एकच घेतात, "विद्यार्थी संख्या". म्हणून हे सविस्तर लिहितोय. आयशे, म्हणजे ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन, आणि एनआयआरएफ, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूशनल रँकिंग फ्रेमवर्क, या दोन्हीत प्रवेश आणि नोकरीचे जे शब्द येतात त्यांचा नेमका अर्थ काय, कुठल्या क्रमाने काम करायचं, आणि कुठे हमखास चुकतं. उदाहरणं महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांची घेतलीत.

टप्पा १: पोर्टल उघडायच्या आधी कागद गोळा करा

लॉगिन मिळालं की लगेच फॉर्म उघडून बसायची घाई करू नका. आधी हे सगळं एका फोल्डरमध्ये आणा:

- जनरल रजिस्टर आणि त्या वर्षाची रोल लिस्ट, कोर्सप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे
- प्रवेश रद्द केलेल्यांचं रजिस्टर (हे कुणी मागत नाही आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो)
- मंजूर प्रवेशक्षमतेची पत्रं, विद्यापीठाची, आणि कोर्स व्यावसायिक असेल तर एआयसीटीई वगैरे परिषदेची सुद्धा
- विद्यापीठाचं निकालाचं लेजर
- शिष्यवृत्तीची यादी, मंजूर झालेली, नुसती अर्ज केलेली नाही
- प्लेसमेंटची ऑफर लेटर्स, जॉइनिंगचे पुरावे, पुढच्या शिक्षणाला गेलेल्यांच्या फी पावत्या किंवा प्रवेशपत्रं
- शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे आदेश

सोबत त्या वर्षीची सूचना पुस्तिका डाउनलोड करून प्रिंट काढा. गेल्या वर्षीची चालत नाही. आयशेमध्ये २०२०-२१ पासून वेब डीसीएफ (डेटा कॅप्चर फॉरमॅट, म्हणजे माहितीचा ऑनलाइन फॉर्म) आलं, त्याआधी पीडीएफ फॉर्म डाउनलोड करून भरायचो, आणि रकाने तेव्हापासून थोडेफार बदलत आलेत. कॉलेजांचा फॉर्म डीसीएफ-दोन आहे, विद्यापीठांचा डीसीएफ-एक आणि स्टँड-अलोन संस्थांचा डीसीएफ-तीन, त्यामुळे सूचना वाचताना आपलीच वाचतोय ना हे बघा.

टप्पा २: वर्ष आणि तारीख ठरवा

प्रत्येक आकड्याला तारीख असते. "आपल्याकडे ८४० विद्यार्थी आहेत" हे वाक्य अर्धवट आहे, ८४० कुठल्या तारखेला? आयशेमध्ये याला संदर्भ तारीख म्हणतात. अनेक वर्षं ती ३० सप्टेंबर होती, पण ज्या वर्षाचं भरताय त्या वर्षाच्या सूचनेत जी छापलीय तीच धरायची, सवयीची नाही. त्या तारखेला ज्याचा प्रवेश चालू आहे तो मोजायचा. त्याआधी प्रवेश रद्द करून गेलेला मोजायचा नाही. नंतर गेलेला मात्र मोजायचा, कारण त्या दिवशी तो तुमच्या पटावर होता.

एनआयआरएफमध्ये एका तारखेपेक्षा बॅच महत्त्वाची असते, ते टप्पा ६ मध्ये येतंय.

निकालाच्या तक्त्यात कुठल्या वर्षाचा निकाल मागितलाय ते वेगळं वाचा. पटसंख्या चालू सर्व्हे वर्षाची म्हणून निकालही त्याच वर्षाचा असं गृहीत धरलं की पुढचं सगळं सरकतं.

चेक: एका कागदावर तीन ओळी लिहा: पटसंख्या कुठल्या तारखेची, निकाल कुठल्या वर्षाचा, प्लेसमेंट कुठल्या बॅचचं. तिघांकडून, म्हणजे ऑफिस, परीक्षा विभाग आणि प्लेसमेंट सेल, त्यावर सही घ्या. आकड्यांचे निम्मे वाद इथेच मिटतात.

टप्पा ३: हे शब्द एकमेकांत मिसळू नका

इनटेक म्हणजे मंजूर प्रवेशक्षमता. जागा किती मंजूर आहेत, एवढंच. त्यावर कुणी बसलंय की नाही याचा संबंध नाही. ६० जागा मंजूर आणि ३१ भरल्या तरी इनटेक ६०.

ॲडमिटेड म्हणजे त्या वर्षी पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ॲडमिटेड आकडा इनटेकपेक्षा मोठा दिसला की लोक घाबरून तो कमी करतात. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) ५ टक्के जागा आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) १० टक्के जागा मंजूर क्षमतेच्या वरच्या असतात. म्हणजे ६० च्या वर्गात ३ आणि ६ अशा ९ जागा वाढून ६९ पर्यंत मुलं कायदेशीरपणे बसू शकतात. आकडा खरा असेल तर तो बदलू नका, सोबत प्रवेशाची मंजूर यादी ठेवा.

एनरोलमेंट म्हणजे पटसंख्या, सगळ्या वर्षांची मिळून त्या तारखेला असलेली मुलं. पहिलं, दुसरं, तिसरं सगळं. ॲडमिटेड ही नवी भर आहे, पटसंख्या हा साठा आहे. पहिल्या वर्षाचा आकडा पटसंख्येच्या रकान्यात टाकलेले फॉर्म आजही येतात.

अपिअर्ड म्हणजे परीक्षेला बसलेले, यात जुने विषय राहिलेले माजी विद्यार्थी असू शकतात जे पटावर नसतात. म्हणून अपिअर्ड कधीकधी शेवटच्या वर्षाच्या पटापेक्षा जास्त येतो, तसं आलं तर कारणाची टीप करून ठेवा.

आणि एटीकेटीवाला? त्याला पुढच्या वर्षात प्रवेश मिळालाय, फी भरलीय, तर तो पुढच्या वर्षाच्या पटावर. इयर डाउन झालेला, ज्याने या वर्षी प्रवेशच घेतलेला नाही, तो पटावर नाही, फक्त परीक्षेच्या यादीत दिसेल.

टप्पा ४: एक विद्यार्थी, एक ओळ

माझं मत स्पष्ट आहे, विभागांकडून बेरजा मागवूच नका. नावांची यादी मागवा आणि बेरजा तुम्ही करा. एक मास्टर शीट बनवा, प्रत्येक विद्यार्थ्याची एकच ओळ, आणि रकाने असे: पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), कोर्स, सध्याचं वर्ष, प्रवेशाचं वर्ष, प्रवेशाचा प्रकार (पहिलं वर्ष की डायरेक्ट सेकंड इयर), लिंग, सामाजिक प्रवर्ग, कुठल्या जागेवर प्रवेश, दिव्यांग हो/नाही, अल्पसंख्याक कुठला, मूळ राज्य, फी सवलत पूर्ण/अर्धी/नाही, स्थिती. पुढे निकाल आणि प्लेसमेंट याच ओळीला जोडायचं.

यात एक तांत्रिक सापळा आहे जो भल्याभल्यांना कळत नाही. काही विद्यापीठांचा पीआरएन १६ अंकी आहे. एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक धरतं, सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. म्हणजे ज्यांचे पीआरएन फक्त शेवटच्या अंकात वेगळे आहेत अशी दहाच्या दहा मुलं शीटमध्ये एकाच नंबरची होतात आणि मग कुणीतरी "डुप्लिकेट काढा" बटण दाबलं की नऊ खरी मुलं गायब. त्यामुळे पेस्ट करायच्या आधीच तो रकाना टेक्स्ट करून घ्या. नंतर केला तर उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. आणि टेक्स्ट केला तरी काउंटइफ फॉर्म्युला अशा लांब नंबरांना संख्या समजूनच तपासतो, म्हणून शेजारी एक मदतीचा रकाना घेऊन पीआरएनच्या आधी एखादं अक्षर जोडा आणि डुप्लिकेट त्या रकान्यावर शोधा.

सावधान: नावावरून डुप्लिकेट काढू नका. एकाच वर्गात सारख्या नाव-आडनावाची दोन मुलं असतात.

चेक: मास्टर शीटमधल्या ओळी = रोल लिस्टची बेरीज − संदर्भ तारखेआधी रद्द झालेले प्रवेश. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५: आयशेची पटसंख्या भरताना

मास्टर शीटवर एक्सेलचं पिव्होट टेबल लावा, कोर्स आणि वर्ष उभं, प्रवर्ग आणि लिंग आडवं. फॉर्मचं रूप जवळपास तसंच आहे, आकडे बघून थेट टाकता येतात.

पहिली मोठी चूक: जागेचा प्रवर्ग आणि मुलाचा प्रवर्ग एक समजणं. ओबीसी मुलगी मेरिटवर खुल्या जागेवर आली म्हणून ती जनरल होत नाही, ती ओबीसीतच मोजायची. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत सीट टाइप लिहिलेला असतो आणि ऑफिस तोच उचलून देतं, त्यामुळे मागास प्रवर्गाची संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसते. हे आकडे पुढे धोरणात वापरले जातात, कॉलेजात प्रत्यक्ष शिकणारी मुलं कागदावर दुसऱ्याच रकान्यात जाणं बरोबर नाही. म्हणूनच वर दोन वेगळे रकाने सांगितले.

दुसरी: दिव्यांग, मुस्लिम अल्पसंख्याक आणि इतर अल्पसंख्याक या ओळी एकूण संख्येच्या पोटातल्या आहेत, वेगळ्या भर घालायच्या नाहीत. नवबौद्ध विद्यार्थी घ्या, तो अनुसूचित जातीच्या रकान्यात येतो आणि बौद्ध म्हणून इतर अल्पसंख्याकच्या ओळीतही येतो. हे दोनदा मोजणं नाही, कारण एकूण बेरीज प्रवर्गाच्या रकान्यांवरून होते, पोट-ओळींवरून नाही.

तिसरी अडचण खास आपल्या राज्याची. आपल्याकडे व्हीजे, एनटी-बी, सी, डी, एसबीसी, एसईबीसी असे प्रवर्ग आहेत आणि फॉर्ममध्ये जनरल, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी एवढेच. कुणाला कुठे बसवायचं हे क्लार्कच्या अंदाजावर सोडू नका. विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरकडून लेखी घ्या, मेल चालेल, आणि दरवर्षी तेच पाळा. नाहीतर एका वर्षी ओबीसी दुप्पट आणि पुढच्या वर्षी निम्मे असं दिसतं.

डायरेक्ट सेकंड इयरची मुलं दुसऱ्या वर्षाच्या पटावर जातात.

चेक: पहिल्या वर्षाची पटसंख्या गेल्या वर्षीची आणि दुसऱ्या वर्षाची या वर्षीची शेजारी ठेवा. डिप्लोमाची मुलं येत नसलेल्या कोर्सला दुसऱ्या वर्षात अचानक मुलं वाढलेली दिसली तर कुठेतरी वर्ष चुकलंय.

टप्पा ६: एनआयआरएफची बॅच

इथे विचार करायची पद्धतच बदलते. आयशे विचारतं त्या दिवशी कोण होतं. एनआयआरएफचा प्लेसमेंटचा तक्ता विचारतो की अमुक वर्षी जे आत आले त्यांचं पुढे काय झालं.

तीन वर्षांच्या पदवीला: २०२१-२२ ला पहिल्या वर्षात प्रवेश, २०२३-२४ ला पदवी. म्हणजे ॲडमिटेडच्या रकान्यात २०२१-२२ ची संख्या आणि ग्रॅज्युएटेडच्या रकान्यात २०२३-२४ ची, दोन्ही एकाच ओळीत. चार वर्षांच्या पदवीला २०२१-२२ चे प्रवेश, २०२२-२३ चे लॅटरल एंट्रीचे (म्हणजे डायरेक्ट सेकंड इयरचे) प्रवेश, आणि पदवी २०२४-२५ ला. लोक काय करतात, तर २०२३-२४ चं प्लेसमेंट म्हणून २०२३-२४ चेच प्रवेश टाकतात. ती मुलं तर अजून पहिल्या वर्षात होती.

"किमान निर्धारित वेळेत पदवी" याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. तीन वर्षांचा कोर्स चार वर्षांत पूर्ण केलेला विद्यार्थी पास आहे, पदवीधर आहे, पण या रकान्यात नाही. परीक्षा विभाग त्या वर्षी पास झालेल्या सगळ्यांची संख्या देतो, त्यात जुन्या बॅचचेही असतात, म्हणून मास्टर शीटमधलं प्रवेशाचं वर्ष बघून गाळणी लावा.

एक ओळ जवळून बघू. डिप्लोमा करून आलेली विद्यार्थिनी, ओबीसी, प्रवेश खुल्या जागेवर, २०२२-२३ ला थेट दुसऱ्या वर्षात. २०२४-२५ ला पदवी, दोन कंपन्यांच्या ऑफर, रुजू झाली ३,६०,००० च्या नोकरीवर. आता ही कुठे कुठे येईल?

- आयशे २०२२-२३: दुसरं वर्ष, स्त्री, ओबीसी
- एनआयआरएफ पहिल्या वर्षाचं इनटेक आणि ॲडमिटेड: नाही
- लॅटरल एंट्री: हो
- किमान वेळेत पदवी: हो, तिच्यासाठी तीन वर्षं
- प्लेस्ड: एक, दोन नाही
- मीडियन पगाराच्या यादीत (मीडियन म्हणजे काय ते टप्पा ७ मध्ये): ३,६०,०००, दुसऱ्या ऑफरचा आकडा नाही

आपल्या शीटमधली अशी वेगवेगळ्या प्रकारची चार-पाच मुलं निवडून हाच व्यायाम करा, जिथे उत्तर अडखळेल तिथे तुमची व्याख्या कच्ची आहे.

विद्यार्थी संख्येच्या तक्त्यात राज्यातले, राज्याबाहेरचे आणि परदेशी यांची बेरीज एकूण संख्येएवढी यायलाच हवी. आणि फी परताव्याचा रकाना "पूर्ण शिक्षण शुल्क" विचारतो. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेत ५० टक्के मिळालेला मुलगा त्यात येत नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला पात्र मुलींना १०० टक्के लागू झालं, त्यामुळे एकाच योजनेतली मुलगी या रकान्यात येईल आणि मुलगा येणार नाही. योजनेच्या नावावरून गाळणी लावू नका, टक्क्यावरून लावा.

टप्पा ७: प्लेसमेंट

सगळ्यात जास्त फुगवटा इथे असतो, आणि बहुतेक वेळा तो भाजकातून येतो. वर्गात ६० पास झाले, ४८ जणांनी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलं, ३६ जणांना नोकरी लागली. ३६ भागिले ४८ केलं तर ७५ टक्के, ३६ भागिले ६० केलं तर ६० टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. जिथे टक्केवारी लिहाल तिथे भाजक लिहा, माहितीपत्रकात सुद्धा. एखादा पालक त्या ७५ वर विश्वास ठेवून मुलीची फी भरणार असतो, त्याला ते कळायलाच हवं.

मोजायचे नियम:

- ऑफर मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची. कॉलेजच्या बॅनरवर ५२ ऑफर असतील, माणसं ३६.
- इंटर्नशिप म्हणजे नोकरी नाही. पुढे कायमची ऑफर आली असेल तर त्या ऑफरचा कागद पाहिजे.
- एकच विद्यार्थी प्लेस्ड आणि हायर स्टडीज दोन्हीकडे नको. नोकरी मिळूनही एमबीएला गेला तर प्रत्यक्षात जे केलं तिथे मोजा.
- स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा यापैकी कुठेच नाही, तो उरलेल्यांत.

मीडियन पगार म्हणजे सरासरी नाही. सात जणांचे वार्षिक पगार लाखांत असे समजा: २.४, २.४, २.८, ३.०, ३.२, ३.६ आणि १२. सरासरी येते ४.२ लाख, आणि ४.२ च्या वर कमावणारा त्या सातात एकच आहे. मीडियन म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला, इथे ३.० लाख. संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. एक्सेलमध्ये मीडियन फॉर्म्युला आहेच, फक्त ज्यांचा पगार माहीत नाही तिथे शून्य टाकू नका, रकाना रिकामा ठेवा, शून्याने मीडियन खाली ओढला जातो. आणि हो, ज्यांचा पगार माहीत नाही त्यांना फोन करायचं काम आधी करा.

सावधान: पगार पूर्ण रुपयांत लिहायचा, ३००००० असा, ३ किंवा ३.० नाही. महिन्याचा आणि वर्षाचा मिसळलेला असतो तेही बघा, शीटमध्ये २५००० दिसलं तर तो महिन्याचा आहे.

चेक: प्लेस्ड + हायर स्टडीज ≤ किमान वेळेत पदवी मिळवलेले. जास्त येत असेल तर ऑफर मोजल्यात किंवा जुन्या बॅचची मुलं घुसलीत.

टप्पा ८: कर्मचाऱ्यांचा डेटा

मंजूर पदं आणि भरलेली पदं वेगळी, हे इनटेक आणि ॲडमिटेडसारखंच. आयशेमध्ये शिक्षकांची माहिती एकेकाची वेगळी भरावी लागते, त्यामुळे सोडून गेलेले गेल्या वर्षीच्या यादीतून तसेच राहून जातात, आधी ते काढा.

सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, शिक्षकांचं काय करायचं हा नेहमीचा प्रश्न. त्यांना पूर्णवेळ दाखवू नका. नेमणुकीच्या आदेशात जे लिहिलंय तोच प्रकार निवडा. तेच शिक्षक दुसऱ्या कॉलेजातही तासिका घेत असतील तर तिकडेही त्यांची नोंद असते, त्यामुळे त्यांना विचारून घ्या. एनआयआरएफमध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाणासाठी पूर्णवेळ आणि सलग दोन सेमिस्टर शिकवलेले शिक्षक धरले जातात, एका सेमिस्टरपुरते आलेले नाहीत. म्हणून दोन्ही ठिकाणी शिक्षकसंख्या वेगळी आली तर ते चूक असेलच असं नाही, पण फरकातली नावं सांगता आली पाहिजेत.

टप्पा ९: लॉक करायच्या आधी

शेवटच्या दिवशी भरू नका, सर्व्हर रडतो. निदान आठवडाभर आधी ड्राफ्टची प्रिंट काढा आणि ज्याने भरलं नाही अशा माणसाला वाचायला द्या. त्याने एवढं करायचं: प्रत्येक तक्त्यातला एक आकडा बोट ठेवून विचारायचा, "ही मुलं कोण?" भरणाऱ्याने मास्टर शीटवर फिल्टर लावून नावं दाखवायची. नावं दाखवता आली नाहीत तो आकडा परत काढायचा.

मग आयशे आणि एनआयआरएफ शेजारी ठेवा, एकाच वर्षाची एकूण पटसंख्या दोन्हीकडे का वेगळी आहे याचं कारण एका ओळीत लिहा. एनआयआरएफचा डेटा कॉलेजच्या वेबसाइटवर जाहीर करावा लागतो, म्हणजे कुणीही दोन्ही उघडून विचारू शकतं.

आयशे लॉक केल्यावर दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरकडे विनंती करावी लागते आणि त्यात दिवस जातात, म्हणून प्राचार्यांची सही ड्राफ्टवर घ्या, फायनलवर नाही.

सबमिट झालं की सर्टिफिकेट, फायनल पीडीएफ, मास्टर शीट, व्याख्यांचा तो सही केलेला कागद आणि नोडल ऑफिसरचा मेल एकाच फोल्डरमध्ये, वर्षाच्या नावाने ठेवा. तो फोल्डर कुणाच्या वैयक्तिक लॅपटॉपवर नको, कॉलेजच्या ड्राइव्हवर. त्यात विद्यार्थ्यांचे प्रवर्ग, दिव्यांगत्व, पगार असं सगळं आहे, त्यामुळे पासवर्ड लावा आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती शीट कधीही टाकू नका.